सातवीच्या ‘पृथ्वीविज्ञाना’च्या तासासाठी वर्गनियम आणि अपेक्षा कशा ठरवाव्यात?

नवी_भूगोलबाई (दादर)

सर्वांना नमस्कार. मी मुंबईतील एका मराठी माध्यमाच्या शाळेत भूगोल शिकवते. यंदा आमच्या शाळेने भूगोल आणि सामान्य विज्ञान या दोन्ही विषयांतील पृथ्वीशी निगडित भाग, म्हणजे मृदा, वारे, भरती-ओहोटी, ऋतुनिर्मिती आणि सहावीत वरवर होऊन गेलेला खडकांचा पाठ, एकत्र करून सातवीसाठी आठवड्याला एक जोडतास ‘पृथ्वीविज्ञान’ या नावाने ठेवला आहे आणि तो माझ्याकडे आला आहे. राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात या नावाचा स्वतंत्र विषय नसल्यामुळे आयती नियमावली कुठे मिळण्याचा प्रश्नच नाही. पहिल्या पालकसभेत वर्गाचे नियम आणि विद्यार्थ्यांकडून असलेल्या अपेक्षा यांचे एक पानी पत्रक वाटावे, अशी मुख्याध्यापिकाबाईंची सूचना आहे.

मसुदा लिहायला बसले तेव्हा नियमांची यादी पंचविसापर्यंत गेली. वेळेवर यावे, परवानगीशिवाय जागा सोडू नये, वही नीटनेटकी ठेवावी, हे सारे तर गणिताच्या किंवा हिंदीच्या बाईंनीही लिहिले असते. त्यात या विषयाचे असे काही उरतच नाही. शिवाय एवढी लांबलचक यादी मुले सही करून दप्तरात ठेवतात आणि विसरून जातात, हा सर्वांचाच अनुभव असावा. वर्गात अठ्ठेचाळीस मुले आहेत, प्रयोगशाळा एकच आहे आणि ती बहुतेक वेळा दहावीच्या प्रात्यक्षिकांत गुंतलेली असते. अशा परिस्थितीत या विषयाचे खास नियम कोणते असावेत, उशिरा आलेल्या कामाचे काय करावे आणि वर्षातून एकदा होणाऱ्या क्षेत्रभेटीसाठी काय बजावून ठेवावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.


जुना_विज्ञानशिक्षक (गिरगाव)

बाई, आपल्या प्रश्नातच निम्मे उत्तर आहे. जे नियम शाळेच्या दैनंदिनीत छापलेले आहेत ते पुन्हा लिहू नका. ‘शाळेचे सर्वसाधारण नियम येथेही लागू आहेत’ एवढे एक वाक्य पुरे. पत्रकावर तेच नियम राहू द्यावेत, ज्यांचे कारण आपण मुलांना खुद्द विषयातून दाखवू शकाल. कारण दिसले की सातवीतली मुले नियम पाळतात, आणि कारण दिसले नाही की मोडण्यात त्यांना गंमत वाटते. या वयाला हे शोभूनही दिसते.

माझ्या मते पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा असावा: जे पाहिले तेच, पाहिले त्याच वेळी लिहावे, आणि लिहिलेले नंतर खोडू नये. चूक वाटली तर आकड्यावर एक आडवी रेघ मारून शेजारी नवा आकडा लिहावा, म्हणजे जुना वाचता येतो. निरीक्षण झाले नाही तर त्या रकान्यात ‘नोंद नाही’ असे स्पष्ट लिहावे. ज्या विषयात निरीक्षण परत करता येत नाही, त्या विषयाचा हा पायाच आहे. प्रयोगशाळेतले द्रावण पुन्हा करता येते. ४ जुलैला सकाळी पडलेला पाऊस ५ जुलैला मोजता येत नाही.

याचे कारण मुलांना पटवायचे असेल तर सावलीचा प्रयोग करा. पटांगणात काठी उभी रोवावी, ओळंब्याने ती सरळ असल्याची खात्री करून घ्यावी आणि साडेअकरापासून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण करून लांबी लिहून ठेवावी. सर्वांत आखूड सावली किती वाजता पडेल, असे आधी विचारले तर जवळजवळ सगळा वर्ग ‘बारा वाजता’ असे सांगतो. मुंबईत तसे होत नाही. आपली प्रमाण वेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्तावरून ठरते आणि मुंबई त्याच्या जवळजवळ पावणेदहा अंश पश्चिमेला आहे. दर अंशाला चार मिनिटे धरली तर आपली मध्यान्ह सरासरीने १२ वाजून ३९ मिनिटांनी येते. त्यातही ती वर्षभर एका जागी राहत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती १२ वाजून २२ मिनिटांच्या आसपास असते, तर फेब्रुवारीच्या मध्याला १२ वाजून ५३ मिनिटांपर्यंत लांबते. ज्या गटाच्या वहीत सर्वांत आखूड सावली बरोबर बारा वाजता पडलेली दिसेल, त्या गटाने काठीकडे न पाहता आकडे भरले आहेत, हे वेगळे सांगावे लागत नाही. त्यांना रागवायची गरज नसते. दोन्ही गटांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या की काम होते. (शाळा दुपारच्या अधिवेशनात भरत असेल तर हा प्रयोग जानेवारी-फेब्रुवारीतच करावा, म्हणजे मध्यान्ह शाळा भरल्यानंतर येते. शून्य सावलीचा दिवस दाखवण्याचा मोह मात्र आवरावा. मुंबईत तो एकदा मेच्या मध्याला सुट्टीत आणि एकदा जुलैच्या अखेरच्या आठवड्यात ढगांआड येतो.)

दुसरा नियम: आकडा पुस्तकाशी किंवा वर्तमानपत्राशी जुळला नाही म्हणून बदलू नये. आपल्या गच्चीवरील पर्जन्यमापकात ४० मिलिमीटर आणि बातमीत ९५ मिलिमीटर असे दिसले की मुले निमूटपणे ९५ लिहितात. त्यांना २६ जुलै २००५ ची गोष्ट सांगावी. त्या दिवशीच्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच काळात कुलाब्याला ७५ मिलिमीटरही पूर्ण झाला नव्हता. दोन्ही ठिकाणे एकाच शहरातली, दोन्ही नोंदी खऱ्या. कुलाब्याच्या निरीक्षकाने सांताक्रूझकडे पाहून आपला आकडा वाढवला असता तर त्या ढगफुटीचा आवाका किती मर्यादित होता, हे कोणालाच कळले नसते.

उशिरा आलेल्या कामाबद्दल माझे मत असे की, सर्व कामांना एकच माप लावू नये. खडकांच्या प्रकारांचा तक्ता, आकृती, स्वाध्याय हे चार दिवस उशिरा आले तरी शिकण्यात तोटा होत नाही. ते घ्यावे, फार तर शेरा लिहावा. हवामानाची नोंद, सावलीची नोंद, आठवडाभराच्या चंद्रोदयाची नोंद ही मात्र उशिरा घेताच येत नाही, कारण उशिरा आलेली नोंद ही बहुधा रचलेली नोंद असते. पत्रकावर हा फरक स्पष्ट शब्दांत लिहा. आणि गुणांचेही तसेच लिहा: सातवीला आकारिक मूल्यमापन ४० गुणांचे असते आणि त्यात प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प ही साधने आहेतच, तेव्हा नोंदवहीचे गुण कशातून मिळणार हे पालकांना पहिल्याच सभेत कळू द्यावे. ‘नोंद नाही’ असे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याचा गुण कापला जाणार नाही, हे वाक्य पत्रकात हवेच. ते नसेल तर वरचा पहिला नियम कागदावरच राहील.


खडकवेडी (बोरिवली)

सरांच्या म्हणण्याशी मी सहमत आहे, परंतु एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. कारण पटवून दिले की मुले नियम पाळतात, हे नोंदींच्या बाबतीत खरे असेल. सुरक्षिततेच्या बाबतीत त्यावर विसंबून राहू नये. तेथे नियम आधी आणि कारण नंतर, आणि नियमाचे शब्द असे हवेत की त्यातून पळवाट निघणार नाही. ‘काळजीपूर्वक हाताळावे’ या वाक्याला बारा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने काहीही अर्थ नसतो.

मी पुढील गोष्टी लिहून देते. हातोडी फक्त शिक्षक वापरतील. दगड फोडताना तो जाड फडक्यात गुंडाळलेला असेल आणि मुले खडूने आखलेल्या रेषेच्या मागे, डोळ्यांवर चष्मा लावून उभी राहतील. बेसॉल्टची कपची काचेसारखी उडते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा नियम अतिरेकी वाटणार नाही. विरल हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली शिक्षकांच्या टेबलावरून हलणार नाही. मुलांना लिंबाचा रस किंवा व्हिनेगर मिळेल. चुनखडकावर त्याचेही बुडबुडे येतात, फक्त खिळ्याने आधी थोडी भुकटी करून घ्यावी लागते आणि धीर धरावा लागतो. कोणताही नमुना तोंडात घालायचा नाही. सैंधव हे खनिज असले आणि घरी आपण ते खात असलो तरी वर्गातले सैंधव पन्नास हातांतून गेलेले असते.

या प्रयोगाला एक घरगुती शेपूट जोडावे लागते, आणि ते मुंबईतल्या शिक्षकांनी तरी विसरू नये. लिंबाचा प्रयोग मुलांना इतका आवडतो की ती घरी जाऊन तो करतात. आपल्याकडच्या कितीतरी स्वयंपाकघरांत ओट्याला कडप्पा असतो, जुन्या चाळींत शहाबादी फरशी असते, देव्हाऱ्यात संगमरवर असतो. तिन्ही दगड मुळात चुन्याचे, तिन्हींवर लिंबाचा डाग पडतो आणि गुळगुळीत केलेल्या दगडाची चकाकी तेवढ्या जागी कायमची जाते. म्हणून ‘घरातल्या ओट्यावर, फरशीवर किंवा देव्हाऱ्यावर प्रयोग करू नये, फरशीच्या दुकानात मिळणारा तुटका तुकडा आणावा’ हे स्वतंत्र वाक्य मी लिहिते. घरातला पाटा-वरवंटा मात्र बिनधास्त वापरू द्यावा. तो बेसॉल्टचा असतो आणि लिंबाला अजिबात दाद देत नाही, त्यामुळे तुलनेला फार उपयोगी पडतो.

नमुने गोळा करण्याचे नियम मुंबईत जरा कडकच हवेत. रेल्वेच्या रुळांमधली खडी हा बेसॉल्टच असतो आणि रुळांलगत राहणाऱ्या मुलांना तो सर्वांत सहज दिसणारा दगड असतो. तेथून दगड उचलायचा नाही, हे शब्दशः लिहावे. बांधकामाच्या जागेवरूनही नाही. तेथे धोका तर आहेच, शिवाय तेथे पडलेला ग्रॅनाइटचा तुकडा दुसऱ्या राज्यातून ट्रकने आलेला असतो, मुंबईच्या जमिनीतला नसतो. याच कारणासाठी प्रत्येक नमुन्याबरोबर चिठ्ठी हवी: कोठे सापडला, कोणत्या तारखेला, कोणी उचलला, आणि मूळ कातळाचा होता की सुटा पडलेला होता. चिठ्ठी नसलेला दगड कितीही देखणा असला तरी मी तो संग्रहात घेत नाही.

क्षेत्रभेटीबद्दल. कान्हेरी लेणी संरक्षित स्मारक आहेत आणि ती राष्ट्रीय उद्यानाच्या आत आहेत. तेथून खडाही उचलायचा नाही, हे बसमध्ये बसण्यापूर्वी सांगावे. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला नेणार असाल तर खांबांसारखे उभे असलेले ते साठ मीटर उंचीचे बेसॉल्टचे कातळ थोड्या अंतरावरूनच नीट दिसतात, पायथ्याशी गर्दी करण्याची गरज नाही. वहीत तेथेच आकृती काढून घ्यावी. शाळेत परत आल्यावर काढलेली आकृती पुस्तकातल्या चित्रासारखी होते. समुद्रकिनाऱ्यावर जाणार असाल तर तारीख ठरवण्यापूर्वी भरतीचे वेळापत्रक पाहा. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती नेमकी दुपारी बारा-एकच्या आसपास येते, म्हणजे शाळेची सहल खडकांवर पोहोचते तेव्हाच पाणी चढलेले असते. अष्टमीच्या आसपास त्याच वेळी ओहोटी असते. या भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत पाणी फार मागे हटत नाही हे खरे, पण मुलांना घेऊन उभे राहायला तोच काळ बरा. कोळीवाड्यातले पालक असतील तर त्यांना विचारावे. तिथीवरून ते वेळ तोंडपाठ सांगतात.

नियम मोडला तर काय, हेही लिहा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास या दोन्हींना मनाई आहे, त्यामुळे वर्गाबाहेर उभे करणे, सर्वांसमोर अपमान करणे हे प्रकार बाद. आमच्याकडे सुरक्षिततेचा नियम मोडणारे मूल त्या दिवशी साहित्याला हात लावत नाही, गटाचे नोंदलेखक होते. पुढच्या तासाला पुन्हा सर्वांसारखेच.


एक_पालक (भांडुप)

मी शिक्षक नाही. माझा मुलगा आठवीत आहे. पत्रक पालकांसाठीही आहे, म्हणून पालकांच्या बाजूने लिहितो.

अपेक्षांमध्ये ‘साहित्य आणावे’ असे नुसते लिहू नका. आमच्या घरी आम्ही दोघेही नोकरी करतो. लोकलने घरी पोहोचेपर्यंत आठ वाजतात आणि त्यानंतर कळते की उद्या कार्डशीट, चमकीचा कागद आणि थर्माकोल हवा आहे. काय हवे ते निदान एक आठवडा आधी दैनंदिनीत लिहून द्यावे आणि शक्यतो घरात सापडणाऱ्या वस्तूंतच भागवावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरीही शाळांच्या प्रदर्शनांत तो दिसतो, हे नवलच आहे.

माझ्या मुलाच्या एका शाळेत ज्वालामुखीची प्रतिकृती करायला सांगितली होती. खायचा सोडा, व्हिनेगर आणि लाल रंग घालून शंकूतून फेस काढायचा, हे सर्वांना माहीत आहेच. ती प्रतिकृती बहुतेक घरांत आईवडिलांनीच केली आणि काही घरांत चक्क विकत आणली. शिक्षकांनी सर्वांत देखण्या प्रतिकृतीला पहिला क्रमांक दिला. नंतर मुलगा सह्याद्रीचे थर पाहून मला विचारू लागला की, आपल्याकडचा ज्वालामुखीचा शंकू कोठे आहे. मी वाचून पाहिले तेव्हा समजले की, महाराष्ट्रातला काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबलचक भेगांतून बाहेर पडून थरावर थर पसरलेल्या लाव्ह्याचा आहे. म्हणजे प्रतिकृतीने मुलाच्या डोक्यात भलतेच चित्र बसवले होते. प्रकल्पात पालकांनी हात लावू नये, असा नियम शाळेनेच घालून दिला आणि ओबडधोबड पण मुलाने स्वतः केलेल्या कामाला गुण दिले, तर आमच्यासारख्यांना हायसे वाटेल. शेजारच्या घरी तयार प्रतिकृती आली की आपल्या मुलाचे काम फिके पडेल, या भीतीने आम्ही हात घालतो, हेही खरे आहे.


नवी_भूगोलबाई (दादर)

आपणा सर्वांची मी आभारी आहे. सर्वसाधारण नियम मी काढून टाकत आहे. पत्रकाच्या वरच्या भागात नोंदीचे नियम, त्याखाली सुरक्षिततेचे नियम खडकवेडीताईंच्या पद्धतीने नेमक्या शब्दांत, आणि पालकांसाठी शेवटी दोन वाक्ये: साहित्याची सूचना आठ दिवस आधी मिळेल, आणि प्रकल्प मुलाच्याच हातचा असावा. लेणी किंवा टेकडी यांपैकी एकच जागा निवडायची असल्याने बहुधा गिल्बर्ट हिल निश्चित होईल.

सरांना एक शंका विचारायची आहे. पर्जन्यमापकाची नोंद रोज एकाच वेळी घ्यावी, हे मुलांना पटते. परंतु जुलै महिन्यात पावसामुळे अचानक सुट्टी जाहीर होते, रविवार असतोच, आणि ज्या दिवशी सर्वांत जास्त पाऊस पडतो नेमक्या त्याच दिवशी मापक वाचायला कोणी नसते. अशा दिवशी नियमाचे काय करावे? शिवाय आमचे मापक म्हणजे दोन लिटरची पाण्याची बाटली आहे. तिच्या तळाला उंचवटे असल्यामुळे शून्य कोठे धरावे, यावरूनच गटांमध्ये वाद होतात.


जुना_विज्ञानशिक्षक (गिरगाव)

बाटलीचे आधी सांगतो, कारण ते सोपे आहे. तळाशी स्वच्छ खडे भरावेत, उंचवटे बुडतील इतके पाणी ओतावे आणि त्या पाण्याच्या पातळीवर कायमस्वरूपी शाईने शून्याची रेघ मारावी. रोज मोजून झाल्यावर पाणी त्या रेघेपर्यंतच कमी करायचे. कोरड्या दिवशी पातळी रेघेखाली गेली तर पुन्हा भरायची. बाटलीचा निमुळता भाग कापून तोच उलटा करून नरसाळ्यासारखा बसवावा, म्हणजे बाष्पीभवन कमी होते आणि तोंडाचा व्यास बाटलीइतकाच राहतो. बाहेरचे मोठे नरसाळे लावू नका, नाहीतर तोंडाच्या आणि बाटलीच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर काढत बसावे लागेल. तेही आठवीत चांगले गणित आहे म्हणा, पण सातवीला नको. मापक गच्चीच्या मध्यभागी ठेवावे. कठड्याला किंवा पाण्याच्या टाकीला लागून ठेवले तर वाऱ्याबरोबर येणारा पाऊस अडतो.

सुट्टीच्या दिवसासाठी नियम मोडण्याची गरज नाही, तो थोडा वाढवावा. आपल्या वेधशाळांत पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. तुमची शाळा दुपारची असेल तर तुम्ही एकची वेळ धरा, पण वर्षभर तीच धरा आणि वहीच्या पहिल्या पानावर ती लिहून ठेवा. सुट्टीनंतर मापक वाचल्यावर मिळालेला आकडा एका दिवसाच्या रकान्यात कोंबू नये आणि दोन दिवसांत निम्मा निम्मा वाटूही नये. दोन्ही रकान्यांना कंस घालून ‘दोन दिवसांचा एकत्रित पाऊस’ असे लिहावे. महिन्याच्या बेरजेत तो धरता येतो; ‘सर्वाधिक पावसाचा दिवस’ शोधताना मात्र तो बाजूला ठेवावा लागतो, आणि असे का, हा प्रश्न चाचणीत विचारण्यासारखा आहे.

मुसळधार पावसात दोन लिटरची बाटली साधारण दोनशे मिलिमीटरच्या आसपास भरून वाहू लागते. तेव्हा ‘२०० मि.मी.पेक्षा जास्त, बाटली भरून वाहिली’ अशीच नोंद घ्यावी. बातमीतला आकडा तेथे लिहू नये, हवा तर शेराच्या रकान्यात लिहावा. आणि पावसाळ्यात ओल्या गच्चीवर अठ्ठेचाळीस मुले पाठवू नका. आठवड्याला दोघांची पाळी लावा, बरोबर एक मोठे माणूस असू द्या, विजा चमकत असतील तर त्या दिवशी सरळ ‘नोंद नाही’. गच्चीची किल्ली शिपाईमामांकडे असते. पाळीचे वेळापत्रक भिंतीवर लावण्यापूर्वी ते त्यांना दाखवून घ्या, कारण तुमच्या एकच्या वेळी ते बहुधा जेवायला गेलेले असतात.